वन्संसाठी दोन मिनिटं

२९ ऑगस्ट
बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा शिरच्छेद

योहानाचं डोकं तबकात गेलं, माझं आज चर्चच्या पंचांच्या बैठकीत गेलं.

गेले होते साध्या कामाला. वेदीची वस्त्रं धुवायला साबण कोणी आणायचा, एवढंच विचारायचं होतं. विश्वासासाठी जीव दिलेल्यांचा दिवस असला की वेदीवर लाल, अंथरुणावर शांतपणे गेलेल्यांचा असला की पांढरं, आणि ज्या दिवशी कोणीच नाही त्या दिवशी हिरवं. मी शिवणकाम करते म्हणून हे धुणं-इस्त्री माझ्या गळ्यात. जुने पाळकसाहेब प्रेषित आणि शुभवर्तमान लिहिणारे एवढ्यांवर वर्ष भागवायचे. नवीन पाळकसाहेब तरुण आहेत. त्यांनी वाळवंटातले तपस्वी, खांबावर राहणारे साधू, सिंहांपुढे टाकलेल्या बायका अशी कुठून कुठून माणसं शोधून काढलीत. हिरवं वस्त्र कपाटात पडून आहे आणि माझे हात साबणाने सोलून निघालेत.

साबणाचं राहिलं बाजूला. खजिनदार मला बघून म्हणाले, "बरं झालं वहिनी, आलात. यंदाचं नाव एकमताने ठरलं. आपल्या सिस्टर."

दर वर्षी एक नोव्हेंबरला, सर्व पवित्र जनांच्या दिवशी, आमच्याच मंडळीतलं गेलेलं एक माणूस स्मरणदिवसांच्या यादीत घेतात. कोणीतरी वेदीसमोर उभं राहून दोन मिनिटं त्याच्याबद्दल वाचतं, मग सगळे म्हणतात, "या जीवनाबद्दल, देवा, तुझे आभार." त्यानंतर ते नाव दर वर्षी प्रेषितांच्या रांगेत.

सिस्टर म्हणजे ह्यांची थोरली बहीण, माझ्या वन्सं. दवाखान्यात नर्स होत्या. लग्न केलं नाही. मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून गेल्या वर्षी जाईपर्यंत आमच्या मागच्या खोलीत राहिल्या. त्यांनी कितीतरी माणसं जगवली, ते मी नाकारत नाही.

"आणि वाचायचं तुम्ही," खजिनदार म्हणाले. "तुमच्याइतकं जवळून त्यांना कोणी पाहिलंय?"

तेच तर दुखणं आहे. पण तोंडातून शब्द फुटायच्या आत त्यांनी पुढचा विषय घेतला, आणि तो छपराच्या गळतीचा होता.

२ सप्टेंबर

आज कोणाचाच दिवस नाही. पाळकसाहेबांच्या नजरेतून सुटला असणार.

लिहायला बसले. "आमच्या सिस्टर अत्यंत प्रेमळ होत्या." खोडलं. बाहेर प्रेमळ असतील, घरी आल्या की तोंडाला कुलूप. जेवायला बसल्या की माझ्या हातचा चमचा आधी उजेडात धरून बघायच्या. मला ताप आला तर "काही झालेलं नाही, ऊठ" हेच औषध. संध्याकाळी दारात पेशंटांची रांग. त्यांना चहा कोण करणार? वन्संनी पुण्य कमवायचं आणि कपबशा मी विसळायच्या.

घरातल्या वस्तूंना तर पाय फुटायचे. कुकर गेला. ह्यांचा नवा स्वेटर गेला. आईने माझ्या लग्नात स्वतः शिवून दिलेली रजई गेली. विचारलं तर म्हणाल्या, "तुला थंडी वाजतेय का?" वाजत होती. पण त्यांच्यापुढे थंडी वाजायचीही चोरी.

आता काय करू? जिथे मी स्वतःच्या हाताने वस्त्र अंथरते तिथे उभी राहून खोटं बोलणार नाही. खरं बोलले तर लोक म्हणतील, मेल्यावर उट्टं काढते. आणि ह्यांचं काय? उरलीसुरली एकच बहीण, तिचं सगळ्यांसमोर मी असं करायचं? नाही म्हणावं तर "नणंदेवर जळते" हे ठरलेलंच. इकडे आड, तिकडे विहीर.

ह्यांना विचारलं, "काय लिहू?" हे घड्याळं दुरुस्त करतात, डोळ्याला भिंग लावून बसले होते. म्हणाले, "हं."

१४ सप्टेंबर
वधस्तंभाचा सण

पावाच्या दुकानातल्या बाईने आजही पिशवीत एक पाव जास्तीचा घातला. मी परत काढून ठेवला तर हसली आणि पुन्हा घातला. किती वर्षं हे चाललंय. धंदा कसा करते कोण जाणे. दवाखान्यातला रखवालदारही तसाच, मला बघून खुर्ची सोडून उभा राहतो. सिस्टरची भावजय म्हणून दया करत असतील. मला कुणाची दया नको.

दुपारी मंडळीतल्या दोघी भेटायला आल्या. "देवमाणूस होत्या हो. आवाज कधी चढला नाही." मी चहा दिला आणि जीभ चावून बसले. आवाज चढला नाही! खरंय, त्यांना आवाज चढवावा लागतच नसे. नुसत्या भुवईने माणूस आडवा व्हायचा. हे मध्येच उठले आणि अंगणात गेले. कोणी वन्संचं नाव काढलं की हे उठतात. त्या गेल्यापासून मागच्या खोलीत पाऊल टाकलेलं नाही. जेवण निम्मं झालंय, काम करताना शीळ घालायचे तीही बंद.

माझ्यावर राग आहे, दुसरं काय. बहिणीबद्दल चार चांगले शब्द लिहायला बायकोला एवढे दिवस लागतात, हे दिसतंय ना त्यांना.

२१ सप्टेंबर
प्रेषित मत्तय

मत्तय आधी जकातदार होता म्हणून त्याचं वाचन दर वर्षी आमचे खजिनदार करतात, आणि हिशेब ठेवणाऱ्यांना देवाने पहिल्यापासून कसं निवडलं ते दर वर्षी सांगतात.

उपासना झाल्यावर माझ्याकडे वळले. "सिस्टरांच्या दिवशी वेदीवर लाल घालायचं."

"लाल कशाला? लाल मारले गेलेल्यांना."

"तापाच्या साथीत लोकांची सेवा करता करता गेल्या. हौतात्म्यच ते."

"औषध घ्या म्हणून मी हातापाया पडत होते, ते घेतलं नाही म्हणून गेल्या. आणि त्यांना कोणी मारलं असतं तर तो मान माझा होता, बाकी कुणाचा नाही."

खजिनदारांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पाळकसाहेब मागे उभे होते, त्यांना खोकल्याची उबळ आली. मग म्हणाले, पांढरं ठीक आहे. सर्व पवित्र जनांना पांढरंच घालतात. म्हणजे आधीच ठरलेलं होतं आणि मी उगाच तोंड उघडलं. घरी येईपर्यंत ही बातमी माझ्या आधी पोचली असणार, कारण ह्यांनी जेवताना मान वर केली नाही.

३० सप्टेंबर
जेरोम

आज शास्त्राचं भाषांतर करणाऱ्या जेरोमचा दिवस. त्याचं वाचन चार ओळींचं. गुहेत बसून भाषांतर केलं, सिंहाच्या पायातला काटा काढला, संपलं. पाळकसाहेबांनी आज मला सहज सांगितलं की हा जेरोम एक नंबरचा तापट होता. पत्रांमधून मित्रांना, शत्रूंना, जो सापडेल त्याला सोलून काढायचा.

"मग हे वाचनात का नसतं?" मी विचारलं.

"दोन मिनिटांत बसत नाही," ते म्हणाले.

"सिंह बसतो, स्वभाव बसत नाही?"

ते हसले, पण मला हसू आलं नाही. संतापच आला. म्हणजे इतकी वर्षं मी ज्यांच्यासाठी लाल-पांढरं धूत बसले, त्या सगळ्यांना आधीच धुऊन, इस्त्री करून आमच्यापुढे ठेवलंय. त्यांच्याही घरी कोणीतरी कपबशा विसळत असेल, तिचा तर पत्ताच नाही.

"तुम्ही सिस्टरांचं लिहिताय ना," पाळकसाहेब म्हणाले, "तुम्हाला पटेल तेच लिहा." बोलायला त्यांचं काय जातंय? दोन-तीन वर्षांनी बदली होऊन जातील. मला इथेच राहायचंय, ह्याच नवऱ्याबरोबर.

१८ ऑक्टोबर
वैद्य लूक

आज जे झालं ते रागातच लिहितेय.

लूक वैद्य होता, म्हणून पाळकसाहेबांनी उपासनेनंतर सिस्टरांच्या आठवणी सांगायला लोकांना थांबवलं. मला मदत व्हावी म्हणून. लोक थांबले आणि तेच ते. प्रेमळ, शांत, देवमाणूस. मी कोपऱ्यात बसून पेन बंदच ठेवलं, लिहिण्यासारखं काही नव्हतंच. हे पहिल्या पाच मिनिटांतच बाहेर निघून गेले.

मग पावाच्या दुकानातली बाई उठली. म्हणाली, "सिस्टरांचं तर आहेच, पण मला त्यांच्या वहिनींचं सांगायचंय. माझं पहिलं मूल झालं तेव्हा घरात पांघरूण नव्हतं. वहिनींनी स्वतःच्या लग्नातली रजई पाठवली. आईने शिवलेली. सिस्टर म्हणाल्या, वहिनीनेच दिलीय, तिला तुमची काळजी लागून राहिलीय."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकतेय. तेवढ्यात रखवालदार उठला. "मला स्वेटर आला होता. म्हणाल्या, वहिनीने नवऱ्याच्या अंगातला काढून दिला." मग आणखी कोणी कुकरचं. कोणी चहाचं. "सिस्टर म्हणायच्या, मी नुसती सुई टोचते, घर माझ्या वहिनीचं आहे, तिचं मन मोठं."

सगळे माझ्याकडे वळून बघत होते, डोळ्यांत पाणी आणून. मी उठले आणि चालू लागले. काय बोलणार होते? मी काहीही दिलेलं नाही म्हणून सांगू? रजई गेली तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते म्हणून सांगू?

१९ ऑक्टोबर

वन्सं, हे काय केलंत तुम्ही? माझी रजई द्यायची ती द्यायची आणि वर माझं नाव सांगायचं? मला कधी "बस जरा" म्हणाला नाहीत आणि गावभर माझं मोठं मन मिरवलंत! माझं मन मोठं नव्हतं. मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. ते तुम्हाला ठाऊक होतं, म्हणूनच विचारलं नाहीत.

आज पाव आणायला गेले नाही. काल रात्रीची शिळी पोळी खाल्ली. तिच्या दुकानात कोणत्या तोंडाने जाऊ?

२८ ऑक्टोबर
प्रेषित शिमोन आणि यहूदा

ह्या दोघांबद्दल जवळजवळ कोणालाच काही माहीत नाही. एका दिवसात दोघांना उरकतात तरी वेळ उरतो. भाग्यवान. त्यांच्या भावजया शहाण्या असणार, त्यांनी तोंड उघडलं नाही.

सकाळी ह्यांच्यापुढे उभी राहिले आणि स्पष्ट म्हटलं, "मी पाळकसाहेबांना सांगते, दुसऱ्या कोणाला वाचायला द्या."

ह्यांनी भिंग काढलं. म्हणाले, "तूच वाच."

"काय वाचू? तुम्हाला काय ऐकायचंय ते तरी सांगा!"

"मला?" म्हणाले, आणि पुढे काहीतरी बोलणार असं वाटलं. पण तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, बंद पडलेलं गजराचं घड्याळ घेऊन. त्या माणसाला आजच कडमडायचं होतं इथे!

३१ ऑक्टोबर

पांढरं वस्त्र धुतलं, कांजी केली, इस्त्री केली. कागदावर एक ओळही नाही. जे होईल ते होईल. ह्यांनी बोलणं सोडलं तर सोडलं, तसंही कुठे बोलतात.

१ नोव्हेंबर
सर्व पवित्र जन

सगळं जसं झालं तसं लिहून ठेवते.

चर्च भरलेलं होतं. मागे उभे राहिलेले लोक होते. दवाखान्यातले आले होते. हे दुसऱ्या ओळीत, मान खाली. मी कागदाशिवाय उभी राहिले आणि म्हटलं:

"माझ्या वन्सं प्रेमळ होत्या की नाही, मला ठाऊक नाही. त्या बरोबर असायच्या. नेहमी. आणि नेहमी बरोबर असणाऱ्या माणसाबरोबर एका घरात राहणं फार कठीण असतं."

खजिनदारांनी डोळे मिटून घेतले. मी ह्यांच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं.

म्हटलं, "त्या माझा चमचा उजेडात धरून बघायच्या. मी आजारी पडले तर मला उठवायच्या. कधी आभार मानले नाहीत. तापाची साथ आली तेव्हा त्या नोकरीतून निवृत्त झालेल्या होत्या. तरी दवाखान्यात निघाल्या. मी दारात आडवी उभी राहिले, म्हटलं, ह्या वयात जायचं नाही. म्हणाल्या, बाजूला हो, उशीर होतोय. आजारी पडून आल्यावर स्वतःचं औषध दुसऱ्याला देऊन टाकलं आणि मला म्हणाल्या, घेतलं. ते मला नंतर, ज्याला दिलं त्याच्याच तोंडून कळलं. मी आयुष्यात कोणाला काही दिलेलं नाही. रजई, स्वेटर, कुकर, सगळं त्यांनी मला न विचारता उचललं आणि माझं नाव सांगितलं. ज्यांनी माझे आभार मानले त्यांनी ते परत घ्यावेत. मला न विचारता त्यांनी मला चांगली बाई करून टाकलं, आणि हे मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. आज तुम्ही त्यांना प्रेषितांच्या रांगेत बसवताय. बसवा. पण पेत्राला सांगून ठेवा, नखं कापून बस. त्या तपासणार."

कोणीतरी हसलं. मोठ्याने, घशातून. मी रागाने त्या बाजूला पाहिलं तर हे उभे राहिलेले. माझा नवरा, जो मंडळीत प्रार्थनासुद्धा ओठांतल्या ओठांत म्हणतो!

"आणि पत्त्यांत लबाडी करायची!" हे ओरडले. "लहानपणापासून! एक्का फ्रॉकच्या खिशात! मी पकडलं तर म्हणायची, तुझंच लक्ष नव्हतं!"

मग काय, धरणच फुटलं. खजिनदार म्हणाले की लहानपणी ते सुईला घाबरून पळाले, तर सिस्टरांनी फाटकापाशी गाठून तिथेच टोचली, शेजारच्या मुलींसमोर. पावाच्या दुकानातली बाई म्हणाली, "मी रडत होते तर म्हणाल्या, रड नंतर, आधी जोर लाव." रखवालदाराला विडी ओढताना धरून त्यांनी त्याच्याच हाताने सगळ्या विड्या चुरगळायला लावल्या होत्या. गेल्या वर्षापासून ज्यांच्या तोंडून देवमाणूस याशिवाय शब्द निघाला नव्हता, ते सगळे एकमेकांना थांबवून बोलत होते. दोन मिनिटं कसली, पुढचं गीत राहूनच गेलं. पाळकसाहेब हात वर करून उभे होते, त्यांच्याकडे कोणी बघेना. शेवटी त्यांनीच मोठ्याने सुरुवात केली आणि मग सगळे म्हणाले, "या जीवनाबद्दल, देवा, तुझे आभार." मी मात्र वेदीच्या वस्त्राची सुरकुती सरळ करत राहिले.

घरी आल्यावर हे चपला काढून सरळ मागच्या खोलीत गेले. वन्संच्या पलंगावर बसले आणि हमसून हमसून रडले. मी पाठीवर हात ठेवला तर माझा पदर धरून रडले, लहान मुलासारखे.

जरा वेळाने म्हणाले, "येणारा प्रत्येक जण कुठल्या तरी भलत्याच बाईबद्दल बोलायचा. मला वाटायला लागलं, माझी ताई मला एकट्यालाच आठवतेय."

"मग बोलायचं नाही का माझ्याशी?"

"तुला किती त्रास दिला तिने. तुझ्यापुढे कोणत्या तोंडाने तिची आठवण काढू?"

मी कपाळावर हात मारून घेतला. म्हणजे मी ह्यांच्यासाठी गप्प आणि हे माझ्यासाठी गप्प! वर्षभर एका छपराखाली दोघं तोंड शिवून बसलो. मी चिडले, खूप बोलले. हे ऐकत राहिले, रडता रडता हसत राहिले, मग पोटभर जेवले आणि पुन्हा त्याच पलंगावर जाऊन झोपले.

आता संध्याकाळ झालीय आणि मी एकटी बसलेय. वाटलं होतं, एकदा सगळं बोलून टाकलं की हलकं वाटेल. कसलं काय. ह्यांच्याशी भांडणं म्हणजे उशीला बुक्के मारणं, त्यात काही दम नाही.

वन्सं, तुम्ही असता तर आल्या आल्या म्हणाला असता, "दोन मिनिटं सांगितली होती, किती बोललीस?" मी म्हटलं असतं, "दोन मिनिटांत मावणाऱ्या होता का तुम्ही?" तुम्ही भुवई वर केली असती. मी भांडी आपटली असती. मग तुम्ही तुमच्या खोलीत आणि मी माझ्या मशीनवर, आणि सकाळी पुन्हा पहिल्यापासून. मी अजून रागावलेली आहे तुमच्यावर, वन्सं. पण राग घेऊन जाऊ कुठे? घरात भांडायला कोणी उरलं नाही.